सगळ्यांची खिडकी

माझ्या सुनेला ऑफिसात सगळे व्ह्यूबाई म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, रूपावरून काही चिडवतात की काय. ती हसली. म्हणाली, "आई, रूपाचा काही संबंध नाही हो. मी लोकांना दाखवायचं काम करते. मला कोण बघतंय?"

काय दाखवतेस, हे समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. तिची कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. गावभरच्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे. कोणती इमारत, कोणती लिफ्ट, काय बिघडलंय, कोणी जायचं, कधीपर्यंत, झालं की नाही, हे सगळं एका सॉफ्टवेअरात भरायचं. म्हणजे एक मोठं गोदामच. आता गोदामात सगळं आहे म्हणून ते सापडतंच असं नाही. आमच्या घरात सुईदोरा आहे. कुठे आहे ते विचारू नका. म्हणून ज्याला जेवढं हवं तेवढंच दिसेल अशा खिडक्या करायच्या. त्यालाच ते व्ह्यू म्हणतात. हिशेबवाल्यांना एक, सुटे भाग पाठवणाऱ्यांना एक, साहेबांना एक. माल तोच, खिडकी वेगळी.

यातल्या काही खिडक्या एकट्याच्या आणि काही सगळ्यांच्या. एकट्याच्या खिडकीला तुम्ही पडदा लावा नाहीतर विटा लावा, दुसऱ्याचं काही जात नाही. पण सगळ्यांच्या खिडकीत एकानं काही हलवलं, की सगळ्यांनाच तसं दिसतं. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असं धरून माणसं कामाला लागतात.

हे काम तिनं मागून घेतलं नव्हतं. माझा मुलगा आजारात गेला, तेव्हा नात अजून मांडीवर होती. ही त्या कंपनीत फोनवर बसायची, तक्रारी उतरवून घ्यायची. मग सॉफ्टवेअर आलं. ज्यानं ते बसवलं तो बसवून पसार झाला. आता हे सांभाळायचं कोणी? सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले, आणि जे कोणाचंच नसतं ते कोणाच्या गळ्यात पडतं हे मी बायकांना सांगायला नको. पगार तोच राहिला, नाव तेवढं नवीन मिळालं.

पण तिनं ते काम असं केलं, की घर असावं तिचं! आधी तिथे नुसता बाजार होता म्हणे. ज्यानं त्यानं आपापली खिडकी करून ठेवलेली. नावं तरी काय! 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल', 'हेच वापरा', 'हे नको ते वापरा'. नात हे ऐकून लोळायची. सूनबाई अधूनमधून झाडलोट करायची. आधी सगळ्यांना विचारायची, ही कोणाची? कोणाचीच नाही. मग ती काढून टाकायची. टाकली रे टाकली, की तीन माणसं धावत यायची, आमची खिडकी गेली म्हणून! अगदी म्हाताऱ्याच्या जुन्या भांड्यांसारखं. घासायला कोणी नसतं, पण भंगारवाला दारात आला की वारस निघतात.

तिनं कुलपंही लावली होती. सगळ्यांच्या खिडक्या बघायची परवानगी सगळ्यांना, बदलायची फक्त तिला. यावरून साहेब रुसले होते. साहेब म्हणजे तिच्या वरचे. वयानं तिच्याएवढेच, केस काळे करणारे, बोलायला गोड.

"मॅडम, मला कुलूप? मला?"

"साहेब, तुम्हाला बघायचंय ना? बघा की. बदलायचं असेल तर मला सांगा, मी आहेच."

"म्हणजे माझ्याच घरात मी पाहुणा."

"पाहुण्याला त्रास नको म्हणूनच."

घरी येऊन तिनं हे नक्कल करून सांगितलं तेव्हा मी हसले, पण मनात म्हटलं, बाई, वरच्याला जिंकून कोणी सुखी झालंय का?

आता टॉवरबद्दल सांगायला हवं. टॉवर म्हणजे त्यांचा मेकॅनिक. इतका उंच, की लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत कंबरेत वाकूनच उभा राहायचा. कपाळावर कायम एक टेंगूळ. एकदा आमच्याकडे काहीतरी पोचवायला आला होता, तर दाराला डोकं आपटलं. मी म्हटलं, "अरे, लागलं का रे?" तर म्हणतो, "आजी, दाराला विचारा. मला सवय आहे."

मेकॅनिक लोकांसाठी जी खिडकी होती, 'सकाळची' नावाची, ती या दोघांनी मिळून केली होती. टॉवरनं तिला सांगितलं होतं, "व्ह्यूबाई, आमचे हात ग्रीसनं भरलेले. डोक्यावर ऊन. त्यात मोबाईलवर तुमचे पन्नास रकाने कोण वाचणार? मला एवढंच सांगा, आज कुठे जायचं, आणि कुठे गेलो तर मरेन." तिनं तसंच केलं. ज्या लिफ्टचा ब्रेक सैल आहे, तार झिजली आहे, दुरुस्त होईपर्यंत जिच्यावर माणूस चढवायचा नाही, त्या सगळ्या वर, लाल पट्टीत. खाली आजची नेहमीची कामं. सकाळी चहा पिता पिता बोटानं वर सरकवायचं, लाल बघायचं, आणि निघायचं.

ती खिडकी फार चांगली चालली. तिथेच घात झाला. पूर्वी मेकॅनिक एकमेकांना फोन करायचे, अमुक इमारतीत जातोय, काही लफडं आहे का? बिघडलेल्या लिफ्टच्या दारावर पुठ्ठ्याची पाटी टांगून यायचे, 'चढू नका' अशी. खिडकी आल्यावर फोन कमी झाले. पाट्यांचं तर साहेबांनीच बंद केलं. म्हणाले, गिऱ्हाईक पुठ्ठे बघून हसतं, आपण आता सगळं मोबाईलवर करतो. कोणाला वाईट वाटलं नाही. मोबाईलवर दिसतंय ना? मग झालं.

दर आठवड्याला साहेबांची मोठी बैठक असायची. सूनबाई लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसायची, आणि भिंतीवर गोदामातलं चित्र उमटायचं. साहेब सांगतील तसं ती फिरवायची. हे दाखवा, ते दाखवा, त्या भागातलं तेवढंच दाखवा. नवं मोठं गिऱ्हाईक यायचं होतं त्या दिवशीही ती तशीच बसली. पाहुणे यायच्या आधी साहेबांनी भिंतीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय, एवढं लाल?"

"साहेब, ही 'सकाळची' आहे. कामं कशी चालतात ते दाखवायचं म्हणालात ना. सुटे भाग आलेले नाहीत म्हणून लाल दिसतंय."

"ते मला माहीत आहे. पाहुण्यांना कशाला? काढा ते. बैठक होईपर्यंत काढा."

तिनं काढलं. असं तात्पुरतं काढता येतं. फक्त आपल्या पडद्यावरून जातं. जोवर आपण 'ठेवा' म्हणत नाही तोवर बाकीच्यांचं जसंच्या तसं राहतं. ती असं अनेकदा करायची. बैठक झाली की तो बदल पुसून टाकायचा, आणि स्वतःच्या मोबाईलवर 'सकाळची' उघडून एकदा बघायचं, लाल जागेवर आहे ना. दार लावल्यावर कडी ओढून बघतो ना आपण, तसं.

मधेच साहेबांनी तिला कागद छापून आणायला पाठवलं. ती गेली, आली. लॅपटॉप साहेबांनी आपल्यापुढे ओढून घेतलेला होता. भिंतीवर तसंच, बिनलालाचं. तिला काही खटकलं नाही. आपणच तर काढलं होतं. पाहुणे खूश झाले. काम मिळालं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, केक कापला, हिच्याही हातात तुकडा दिला, पाठ थोपटली. त्या गडबडीत तिनं लॅपटॉप मिटला आणि घरी आली. कडी ओढून बघायची राहिली.

मला आणि नातीला तिनं कागदात गुंडाळून केक आणला होता. आम्ही खाल्ला. चांगला होता. हे लिहिताना तोंड कडू होतं, पण चांगला होता हे खरं.

त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका मेकॅनिकनं एका इमारतीच्या लिफ्टचा ब्रेक घसरतोय असं बघितलं, मोबाईलवर नोंद केली आणि घरी गेला. त्याचं काम त्यानं केलं होतं. सकाळी टॉवर त्याच इमारतीत ग्रीस घालायला गेला. निघताना त्यानं चहाबरोबर खिडकी बघितली होती. लाल काहीच नव्हतं. बायकोला म्हणालासुद्धा, "आज सगळं हिरवंगार. साहेब सुधारले वाटतं."

तो लिफ्टच्या टपावर चढला, आणि लिफ्ट घसरली. भिंत आणि लिफ्ट यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. जीव वाचला. पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

बातमी आली तेव्हा ही ऑफिसात होती. सगळे रडत होते, फोन करत होते. ही जागेवर गेली आणि तिनं 'सकाळची' उघडली. लाल नव्हतं. मग तिनं ते बघितलं, जे तिच्याशिवाय तिथे कोणी कधी बघत नसे: ही खिडकी शेवटची कोणी बदलली. सॉफ्टवेअर ते लक्षात ठेवतं. तिथे बैठकीची वेळ होती. 'सगळ्यांसाठी ठेवले' असं होतं. आणि पुढे तिचं नाव.

ती साहेबांच्या खोलीत गेली. हे तिनं मला जसंच्या तसं सांगितलंय.

"साहेब, काल मी छापायला गेले होते, तेव्हा लॅपटॉपनं तुम्हाला काही विचारलं का?"

"काय विचारणार?"

"बदल ठेवायचे का, असं. तुमच्यापुरते, की सगळ्यांसाठी."

"एक चौकट आली होती. मध्येच आली. पाहुणे बघत होते. मी ती घालवली."

"कुठलं बटण दाबून?"

"जे मोठं होतं ते. निळं." मग त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं. माणसाला कळताना बघणं वाईट, असं ती म्हणाली. तोंड उघडं राहिलं, रंग उतरला, आणि मग सगळं पुन्हा मिटलं, शटर ओढावं तसं.

"मॅडम," साहेब म्हणाले, "तुम्ही हे कोणाला सांगितलंत का?"

"नाही अजून."

"मग आधी शांत व्हा. टॉवरनं मोबाईल बघितलाच नसेल. ही माणसं बघत नाहीत. त्याचा मोबाईल तर लिफ्टच्या खड्ड्यात पडून फुटलाय."

ती घरी आली ती थेट ओट्याशी गेली आणि भांडी घासायला लागली. भांडी आधीच घासलेली होती. मी म्हटलं, "पोरी, ती चकाकतायत. बस इथे." मग तिनं सांगितलं.

चौकशी बसणार होती. टॉवरनं खिडकी न बघता काम केलं असं ठरलं, तर चूक त्याची. मग औषधपाणी त्याचं त्यानं बघायचं, आणि नोकरीही गेली. बघूनही त्याला दिसलं नाही असं ठरलं, तर चूक कंपनीची, आणि कंपनी म्हणजे कोण, तर नोंदीतलं ते नाव, हिचं.

"निळं बटण त्यानं दाबलं ना?" मी विचारलं.

"हो."

"मग सांग तसं."

"आई, नाव माझं आहे. आणि रोज बघायचे, त्या दिवशी मी बघितलं नाही. त्यानं दाबलं, पण बघितलं असतं तर..." मग म्हणाली, "बोलले तर घर कसं चालवू? तुम्ही, ही पोर."

"माझं नाव मध्ये घेऊ नकोस," मी म्हटलं. "मी आधीच फुकटची आहे. मला हिशेबात धरूच नकोस."

ती हसायला गेली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. टॉवर झोपेत होता. खाटेवर त्याचे पाय नेहमी बाहेर येत असणार, आता एकच येत होता. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. सुनेला बघून उठली.

"ताई, तुम्हीच ना व्ह्यूबाई? तुमचं नाव सारखं असतं यांच्या तोंडात. ताई, ऑफिसातली माणसं येऊन गेली. म्हणतात यांनी मोबाईल बघितला नाही. अहो, माझ्यासमोर बघितला! चहा सांडला त्यावर, मी पदरानं पुसला. माझं कोण ऐकणार? मी तर बायको."

सून तिचा हात धरून बसून राहिली. निघताना एवढंच म्हणाली, "त्यांनी बघितला होता. मला माहीत आहे."

मला तिथेच कळलं, की आता ही बोलणार.

चौकशीला तिघं बसले होते, आणि बाजूला साहेब. तिनं सगळं सांगितलं. टॉवरनं बघितलं होतं, पण लाल दिसलंच नव्हतं, कारण सगळ्यांच्या खिडकीतून ते काढलं गेलं होतं. कधी, तर बैठकीत. नाव तिचं, कारण लॅपटॉप तिच्या नावानं उघडा होता. बटण साहेबांनी दाबलं, न कळत. आणि बैठकीनंतर तिनं तपासायला हवं होतं, ते तपासलं नाही.

"साहेब, तुम्ही लॅपटॉपला हात लावला होता?" त्यांतल्या एकानं विचारलं.

"आठवत नाही," साहेब म्हणाले. "तो मॅडमचा विभाग आहे. मला तर बदलायची परवानगीच नाही. त्यांनीच कधी दिली नाही."

बघा, कुलूप कसं उलटलं ते. पाहुणाच घरमालकिणीला म्हणाला, किल्ली तर तुझ्याकडे होती.

तिच्या बोलण्यातलं अर्धं त्यांनी खरं धरलं, आणि अर्धं वाऱ्यावर सोडलं. टॉवर निर्दोष, औषधपाणी कंपनीचं, त्याला बसून करायचं काम द्यायचं. आणि चूक 'व्ह्यू सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हलगर्जीपणाची'. संध्याकाळी ती टेबलावरचं सामान पिशवीत भरून घरी आली. त्यात एक कप होता, एक शाल होती, आणि नातीचा लहानपणचा फोटो. साहेबांना पुढे त्या नव्या गिऱ्हाइकाचं सगळं काम मिळालं. वरच्या पदावर गेले ते.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी म्हटलं तर ती मला गप्प करते. "आई, मी संन्यासी नाही. कडी मी ओढून बघितली नाही." तिला दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या दिसतात, तिची चूक आणि त्याची लबाडी. मला एवढं दिसत नाही. मला लबाडीच आधी दिसते, म्हातारे डोळे आहेत.

नोकरीवरून काढताना दिलेल्या कागदावर तो हलगर्जीपणा लिहिलेला आहे, त्यामुळे ऑफिसात तिला कोणी घेत नाही. आता औषधांच्या एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. दिवसभर उभं राहायचं. पाय सुजतात. बोलते कमी. पूर्वी घरी येऊन साहेबांची नक्कल करायची, ती गेली. नात म्हणते, आई सायलेंटवर आहे.

आणि तिच्या खुर्चीत कोण बसलंय म्हणता? टॉवर! बसून करायचं काम तेवढं एकच रिकामं होतं ना. दैवालाही विनोद कुठे करावा कळत नाही. तो बिचारा आधी तयारच नव्हता. हिनंच त्याला फोन केला, "बस तिथे. दुसरं कोणी बसण्यापेक्षा तू बस. तुला लाल म्हणजे काय ते माहीत आहे."

तो अडला की फोन करतो. ही खोके बाजूला ठेवून त्याला सांगते, अमुक दाब, तमुक ओढ. या शिकवणीचा पगार म्हणजे त्याचं 'व्ह्यूबाई' एवढंच. परवा सुट्टीच्या दिवशी फोन आला तेव्हा मी शेजारीच बसले होते. त्याचा आवाज मोठा, सगळं ऐकू येतं.

"व्ह्यूबाई, साहेबांनी बदलायची परवानगी मागितलीय. 'सकाळची'ची. नाही म्हणून सांगू ना? तुम्ही तर कधी दिली नव्हती."

मला वाटलं, आता चिडेल, आता काहीतरी ठणकावेल.

"दे," ती म्हणाली.

"अहो, काय बोलता!"

"दे त्यांना. नाही दिलीस तरी करायचं ते करतीलच, तुझ्या खुर्चीत बसून, तुझ्या नावानं. त्यापेक्षा त्यांच्या नावानं करू देत. आणि बैठक झाली की बघ. दर वेळी बघ. केक आला तरी बघ."

"बघतो."

"आणि एक. पोरांना सांग, दारावर पाटी टांगा म्हणावं. पुठ्ठ्याची. साहेब हसले तर हसू देत."

"टांगायला लागलेत," टॉवर म्हणाला. "मीच लिहून देतो. पाय नाही, पण अक्षर आहे माझं."

काल आम्ही दोघी बाजारातून आलो, तर आमच्या इमारतीतल्या लिफ्टच्या दारावर पाटी. खोक्याचा पुठ्ठा, सुतळीनं बांधलेला. 'वर माणूस आहे. बटण दाबू नका.' आमची लिफ्ट कुठल्या कंपनीकडे आहे देव जाणे. माझ्या गुडघ्यांनी आधीच बोंब मारली. मी म्हटलं, "चल, जिन्यानं जाऊ हळूहळू."

पण ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मीही टेकले. वरून ठोकल्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता. थांबला की तिचं बोट पिशवीच्या बंदात अडकायचं. पुन्हा ठोकलं की सुटायचं. शेजारचे आले, पाटी वाचली, चडफडत जिन्यानं गेले. आम्ही बसून.

शेवटी मेकॅनिक जिन्यानं खाली आला, दोन्ही पायांनी. पाटी सोडली, सुतळी गुंडाळून खिशात घातली, आणि म्हणाला, "झालं आजी. या, बसा लिफ्टमध्ये."

सून उठली. त्याच्याकडे बघून मान हलवली. मग माझा हात धरला, आणि आम्ही जिन्यानंच वर गेलो.